कोयता कोणत्या विषयात बसतो? प्रदेश-अभ्यासाची पीएचडी, सोप्या भाषेत

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, ऊस तोडायला. या कामात मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ रक्कम मिळते, तिला उचल म्हणतात. ती फिटेपर्यंत तोडणी करायची. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या देशभर गेल्या. अगदी तरुण वयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर झाल्याचं समोर आलं होतं. पाळीच्या त्रासात खाडा परवडत नाही, हे कारण अनेकींनी सांगितलं. राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली.

आता समजा, त्याच भागातल्या एका मुलीला यावर पीएचडी करायची आहे. तिनं कोणत्या विभागाचं दार ठोठवायचं?

डॉक्टर विचारतील, शस्त्रक्रियेची खरंच गरज होती का? अर्थशास्त्राचे प्राध्यापक विचारतील, उचल ही मजुरी की कर्ज? कायद्याचा अभ्यासक म्हणेल, कोयत्यातली बायको स्वतंत्र कामगार म्हणून कुठे नोंदलेली तरी आहे का? भूगोलवाला पर्जन्यछायेकडे बोट दाखवील आणि इतिहासवाला साखर कारखान्यांच्या वाढीकडे. समाजशास्त्राचा विभाग जात आणि लग्नाचं वय काढील. सगळे बरोबर आहेत. पण फॉर्मवर विषयाचा रकाना एकच असतो आणि तिथे एकच नाव लिहायचं असतं. मुलगी एक नाव लिहिते, आणि त्या क्षणी तिच्या प्रश्नाचे पाच तुकडे बाहेर राहतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द विद्यापीठांच्या प्रत्येक जाहिरातीत दिसू लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, पीएचडीचे नवे नियमही काढले. त्या नियमांत राहून एखाद्या प्रदेशाचा खरा अभ्यास करणारी पीएचडी कशी रचता येईल, ते इथे मांडतो. उदाहरण मराठवाड्याचं घेतो, कारण प्रश्न तिथे उघड्यावर पडलेले आहेत.

गोधडी आणि पैठणी

आधी दोन शब्दांतला फरक पाहू. बहुविद्याशाखीय अभ्यास म्हणजे गोधडी. इतिहासाचा एक तुकडा, अर्थशास्त्राचा एक, भूगोलाचा एक, असे शेजारी-शेजारी ठेवून टाके घातलेले. ऊब मिळते, पण प्रत्येक तुकडा आपल्याच रंगाचा राहतो. आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणजे विणलेलं कापड. पैठणच्या मागावर पाहा, उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांतून गेल्याशिवाय नक्षी उमटतच नाही. एक धागा ओढला तर सगळं वस्त्र हलतं.

आपल्याकडचे बहुतेक ‘आंतरविद्याशाखीय’ अभ्यासक्रम गोधडीचे असतात. सहा विषयांचे सहा प्राध्यापक येतात, चार-चार तासिका घेतात आणि जातात. विणायचं काम विद्यार्थ्यावर सोडलेलं असतं आणि त्याला माग कुणी दाखवलेला नसतो.

प्रदेश म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे

मराठवाडा म्हणजे काय, याचं शासकीय उत्तर सोपं आहे: आठ जिल्हे. पण अभ्यासाला बसलं की हे उत्तर पुरत नाही. पाण्याचा विचार केला तर पैठणच्या जायकवाडी धरणात येणारं पाणी नाशिक-नगरकडून येतं, म्हणजे मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न मराठवाड्याबाहेर सुरू होतो. कागदपत्रांचा विचार केला तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून त्याचं कितीतरी दप्तर हैदराबादेत आहे. आणि ऊसतोडीचा विचार केला तर वर्षातले पाच-सहा महिने बीडचं एखादं गाव सांगली-कोल्हापूरच्या फडांत, पाचटाच्या कोप्यांमध्ये राहत असतं. मागे उरतात म्हातारी माणसं, आणि हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे ठेवलेली मुलं.

तेव्हा अभ्यासक्रमाचा पहिला धडा हा की प्रदेश ठरवून मिळत नाही, प्रश्नाप्रमाणे त्याच्या सीमा बदलतात. विद्यार्थ्यानं आपल्या प्रश्नाचा नकाशा आधी स्वतः काढावा. राज्याच्या राजकारणातही हा वाद जुना आहे. प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. पुढे २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला. मागासलेपण कशावर मोजायचं, जिल्हा धरून की तालुका धरून, पाणी धरून की रस्ते धरून, यावर मतं वेगळी पडतात. मोजमाप बदललं की निधीचं वाटप बदलतं, इतका हा प्रश्न व्यवहाराचा आहे.

हे आपल्याकडे पूर्वी झालेलं आहे

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव तिथे सापडलं. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट कामाच्या पद्धतीत आहे. खापरं एकानं पाहिली, जळलेले दाणे वनस्पतिशास्त्राच्या जाणकारानं, जनावरांची हाडं दुसऱ्यानं, माणसांचे सांगाडे आणि दात शारीरिक मानवशास्त्राच्या लोकांनी. सगळं एकत्र मांडल्यावर दिसलं की आधीच्या काळात चौकोनी घरं, धान्याची कोठारं, पाण्याचा पाट होता. नंतरच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या आणि जनावरांवरची भिस्त वाढली. पाऊसमान घटलं आणि शेती कोलमडली, असं चित्र त्यातून मांडलं गेलं.

पुढे इतर संशोधकांनी तीच हाडं नव्यानं तपासून, हवामानाच्या नव्या नोंदी लावून या चित्राला आव्हानही दिलं. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक विद्येचा पुरावा नीट, वेगळा नोंदवून ठेवलेला होता म्हणूनच फेरतपासणी शक्य झाली. विणलेलं कापडही उसवून पाहता आलं पाहिजे.

दुसरं उदाहरण एकट्या माणसाचं, दामोदर धर्मानंद कोसंबींचं. मूळ पेशा गणिताचा. त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे उमटवलेली, नाणी हजारोंनी तोलली, कारण हातोहात फिरणारं नाणं झिजतं आणि झिजेवरून त्याच्या वयाचा अंदाज सांख्यिकीनं काढता येतो. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या. गावदेवींची ठाणी, जुन्या पाऊलवाटा, कार्ल्यासारखी लेणी यांचा परस्परांशी संबंध जोडला. कोसंबी अभ्यासक्रमानं घडवता येत नाहीत, हे मान्य. पण त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी अभ्यासक्रमात घालता येतात: एक विद्या पक्की असणं आणि पायी फिरणं.

१२ श्रेयांकांत काय बसवायचं?

यूजीसीच्या नियमाप्रमाणे पीएचडीच्या विद्यार्थ्याला किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क करावं लागतं. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचं माप. वर्गात शिकवायचं असेल तर साधारण १५ तासिकांना १ श्रेयांक. त्यातले २ श्रेयांक संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीसाठी आधीच राखलेले आहेत. उरले १०, आणि त्यांत संशोधनपद्धतीचा विषयही नियमानं बसवावा लागतो. इथेच अभ्यासक्रम जिंकतो किंवा हरतो.

माझी वाटणी अशी आहे. ४ श्रेयांक दुसऱ्या विद्येला. आपल्या मुलीची मूळ विद्या समाजशास्त्र असेल, तर तिनं जनआरोग्य शिकावं, आणि ते ‘समाजशास्त्रवाल्यांसाठी जनआरोग्य’ असं सोपं करून नव्हे. त्याच विषयाच्या विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून, त्यांचाच पेपर देऊन. दुसऱ्या विद्येत प्रवीण होणं हा इथे हेतू नाही. त्या विद्येतल्या माणसानं चूक दाखवली तर ती कळावी आणि त्याच्या आकड्यांना योग्य जागी प्रश्न विचारता यावा, एवढी ताकद आली म्हणजे झालं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय बीड जिल्ह्यातच आहे. परभणीत कृषी विद्यापीठ आहे. छत्रपती संभाजीनगरला पाणी आणि जमीन व्यवस्थापनाची ‘वाल्मी’ संस्था आहे. सामान घरात आहे, चूल पेटवायची राहिली आहे.

३ श्रेयांक भाषा, लिपी आणि क्षेत्रकार्याला. त्याकडे पुढे येतो.

उरलेले ३ श्रेयांक संशोधनपद्धतीच्या एका सामाईक चर्चासत्राला, आणि हे सत्र म्हणजे या अभ्यासक्रमाचा माग. सगळ्या विद्यांचे विद्यार्थी आणि किमान दोन प्राध्यापक एकाच खोलीत, समोर एकच वस्तू. पहिल्या आठवड्यात मी सातबारा ठेवीन. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कुणाची आणि त्यावर कुणाचे हक्क. गाव नमुना १२ म्हणजे कोणतं पीक किती क्षेत्रावर. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातला हा कागद. कायद्याचा विद्यार्थी आधी ‘इतर हक्क’ वाचतो, तिथे सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो. शेतीवाला बारा नंबरात कापूस आणि सोयाबीन पाहून पाण्याची अवस्था ओळखतो. इतिहासवाला फेरफाराच्या नोंदींवरून जमिनीचे तुकडे कसे पडत गेले ते मागे मागे शोधत जातो. आणि एखादी विचारते, यात एकाही बाईचं नाव का नाही? मग ऊसतोडीचा प्रश्न नव्यानं उभा राहतो. घरची जमीन इतकी थोडी, तीही कोरडवाहू, तिच्यावर बोजा, आणि बाईच्या नावावर काही नाही. अशा घरात उचल नाकारण्याची ताकद कुणात असेल? हा प्रश्न एकट्या विषयाच्या वर्गात सुचायला फार उशीर लागला असता.

पुढच्या आठवड्यांत पावसाच्या नोंदी, कारखान्याचा वार्षिक अहवाल, जात्यावरच्या ओव्या, न्यायालयाचा एखादा निवाडा. पद्धत तीच.

मोडी आणि उर्दू येत नसेल तर?

तर मराठवाड्याच्या इतिहासाचं निम्मं कपाट बंद राहतं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला कळली. नोंदी होत्या मोडीत, उर्दूत, फारसीत, आणि वाचणारी माणसं मोजकी. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरबद्दलचा शासन निर्णय निघाला आणि ‘गॅझेटियर’ हा शब्द पारावर पोहोचला.

आरक्षणाच्या वादात कोण बरोबर, हा इथला विषय नाही. पण नोंद वाचता येणं ही पहिली पायरी झाली. शंभर वर्षांपूर्वी कारकुनानं ‘कुणबी’ लिहिलं तेव्हा त्याला जात म्हणायची होती की शेती करणारा माणूस? कोणत्या कामासाठी ती नोंद घेतली होती? शेजारच्या तालुक्यात तोच शब्द त्याच अर्थानं वापरला जात होता का? लिपी, महसुलाचा इतिहास, मानवशास्त्र आणि सांख्यिकी यांची इथे एकदम गरज पडते. म्हणून मोडी ऐच्छिक ठेवू नये. विषयानुसार मोडी, उर्दू, किंवा बंजारा समाजाच्या गोरमाटीसारखी बोली, यांपैकी एक सक्तीची असावी. आजच्या प्रश्नावर काम करणाऱ्यालाही ती लागते. तांड्यावरची बाई आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगते ते शब्द प्रश्नावलीच्या मराठीत नसतात.

वेळापत्रक पंचांगाप्रमाणे नव्हे, गळीत हंगामाप्रमाणे

ही बाब लहान वाटेल, पण अनेक प्रबंध इथेच कच्चे राहतात. कोर्सवर्क जानेवारीपर्यंत लांबलं तर विद्यार्थी गावात पोहोचतो तेव्हा गाव फडात असतं. म्हणून वर्ग जूनमध्ये सुरू करून दिवाळीपर्यंत आटोपावेत. मग हंगामभर टोळीबरोबर फडात, आणि गुढीपाडव्यानंतर त्याच कुटुंबांबरोबर गावात. तोच माणूस फडात मुकादमासमोर एक सांगतो आणि घरच्या ओट्यावर दुसरं सांगतो, हे दोन्ही ऐकल्याशिवाय खरं हाती लागत नाही. किमान ३ वर्षं आणि कमाल ६ वर्षं ही नियमाची मुदत आहे, तिच्यात दोन हंगाम सहज बसतात.

संमतीचंही इथेच शिकायचं. मुकादम शेजारी उभा असताना कागदावर उमटवलेला अंगठा ही संमती नव्हे. आरोग्याची माहिती घ्यायची तर नीती समितीची परवानगी हवी, आणि बाईला ‘नाही’ म्हणायची मोकळीक प्रत्यक्षात हवी.

दोन गाईड, दोन दिशा?

विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त भीती याची वाटते, आणि ती खरी आहे. २०२२ चे नियम दुसऱ्या विभागाचा किंवा दुसऱ्या संस्थेचा सहमार्गदर्शक घ्यायला परवानगी देतात. पण एक गाईड म्हणतो ‘पन्नास मुलाखती खोलात घे’, दुसरा म्हणतो ‘पाचशेंपेक्षा कमी नमुना चालणार नाही’, आणि मधल्या मधे मुलाची दोन वर्षं जातात. मी असं भरडलं जाणं जवळून पाहिलंय.

उपाय साधा आहे, पण सुरुवातीलाच करावा लागतो. नोंदणीच्या वेळी दोन्ही गाईडनी मिळून दोन पानं लिहायची: पुरावा कशाला म्हणायचं, किती गोळा करायचा, मतभेद झाला तर कुणाचा शब्द अखेरचा. त्यावर संशोधन सल्लागार समितीनं सही करायची. दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती मांडावीच लागते, त्या बैठकीत दोघंही समोरासमोर बसलेले असावेत. विद्यार्थ्यानं एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवत फिरू नये.

‘सगळ्यातलं थोडं थोडं, खोल काहीच नाही’

हा आक्षेप सर्वांत जुना आणि मी तो गंभीरपणे घेतो. मूळ विद्या पक्की नसताना चार विषयांना हात घालणारे प्रबंध मी वाचले आहेत. त्यांत अर्थशास्त्र वर्तमानपत्रातलं असतं आणि इतिहास प्रस्तावनेपुरता. म्हणूनच माझ्या मते एमएपर्यंतची एक विद्या भक्कम असल्याशिवाय या अभ्यासक्रमात प्रवेश देऊ नये. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर आता थेट पीएचडीला येता येतं. इतर विषयांत ते चालेल, इथे मला ते घाईचं वाटतं. प्रबंधाच्या परीक्षकांतही दोन्ही विद्यांचा एकेक माणूस हवा, म्हणजे दुसऱ्या विद्येतला भाग कच्चा असेल तर तो व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उघडा पडेल.

‘प्रादेशिक म्हणजे संकुचित’

उलट अनुभव येतो. प्रदेशांचा अभ्यास हा अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैशानं वाढला. १९५८ च्या संरक्षण-शिक्षण कायद्यानं तिथे परभाषा आणि परप्रदेशांच्या केंद्रांना निधी दिला. दुसऱ्यांना ओळखण्याची गरज त्यामागे होती. त्या आणि युरोपातल्या परंपरेतून महाराष्ट्राला मोठे अभ्यासक मिळाले. दलित चळवळीवर काम करणाऱ्या एलिनॉर झेलिएट अमेरिकेतल्या. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर मूळचे कायद्याचे विद्यार्थी, पण धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा यांच्यामागे ते वाड्यावाड्यांवर फिरले.

आपण आपल्याच प्रदेशाचा अभ्यास करतो तेव्हा भाषा आयती मिळते, पण जे रोज दिसतं ते दिसेनासं होतं. गावात आपण कोणत्या आळीचे, हे लोकांना ठाऊक असतं आणि उत्तरं त्याप्रमाणे बदलतात. म्हणून एक तुलनेचा प्रदेश सक्तीचा असावा. ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये ऊस तोडायला ईशान्येकडच्या गरीब भागातून मजूर यायचे, मग यंत्रं आली. तिथल्या मजुरांचं पुढे काय झालं हे वाचलेली मुलगी बीडमध्ये ऊसतोडणी यंत्राबद्दल वेगळे प्रश्न विचारील.

‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’

डिसेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न थेट विधिमंडळात विचारला गेला आणि शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या हजारो मुलांना तो लागला. त्या मुलांची बाजू मला घ्यावीशी वाटते. पण नोकरीची अडचण लपवून चालणार नाही. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषय’ हे शब्द असतात, आणि ‘प्रदेश-अभ्यास’ हा संबंधित विषय धरायचा की नाही, हे छाननी करणाऱ्यावर अवलंबून राहतं. म्हणून पदवीवर मूळ विद्येचं नाव स्पष्ट छापलं जावं: ‘समाजशास्त्र’, आणि त्याखाली ‘प्रदेश-अभ्यास’. एवढ्या एका ओळीनं पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतील. महाविद्यालयाबाहेरही कामं आहेत. जिल्हा परिषद, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था, वृत्तपत्रं, सरकारच्या चौकशी समित्या, यांना प्रदेश जाणणारी माणसं लागतात. पण त्या जागा आज थोड्या आणि कंत्राटी आहेत, हे विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं पाहिजे.

प्रबंध परत कुणाकडे जातो?

मंजूर झालेला प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतो. बीडच्या बाईला त्याचा काय उपयोग? तेव्हा व्हायवाच्या आधी एक सादरीकरण गावात व्हावं, मराठीत, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांच्यासमोर. पंचवीस-तीस पानांचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आणि गावच्या शाळेत ठेवावा. आणि हे सादरीकरण दिवाळीच्या आत करावं, टोळ्या निघायच्या आधी, नाहीतर ऐकायला बायका गावात नसतील.